बाहुली, बैल आणि वेणी : अंगणवाडीतल्या खेळणी-कोपऱ्याच्या नोंदी

बालाघाटाच्या डोंगररांगेत, बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातल्या एका गावी, ऑगस्ट २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात आम्ही अंगणवाडीत एक खेळणी-कोपरा उभा केला आणि मुलगे व मुली त्यातले काय उचलतात याची नोंद ठेवली. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे, मानसशास्त्राचा अभ्यासक नव्हे. हेच काम दुसऱ्या कुणाला आपल्या गावी करावयाचे असेल तर आमचे जे दिवस आणि पैसे वाया गेले ते त्यांचे जाऊ नयेत, एवढ्यासाठी वहीतील नोंदी फारशा न सजवता येथे देत आहे. लेकरांची नावे मूळ वहीतही नाहीत, तेथे फक्त क्रमांक आहेत.

१२ ऑगस्ट २०२४

कामाला सुरुवात एका वादातून झाली. अंगणवाडीच्या सेविकाताई एकोणीस वर्षे हे काम करीत आहेत आणि त्यांचे मत पक्के आहे. "गुरुजी, पोरगं चालाय लागलं की आधी चाकाला हात लावतंय. कुणी शिकवाय जातंय का त्याला?" असे त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "ताई, ते चाक त्याच्यापुढं कुणी आणून ठेवलं, ते आधी बघू." दोघांनीही आपापले म्हणणे सोडले नाही, तेव्हा नुसते बोलत बसण्यापेक्षा लिहून ठेवावे असे ठरले. पटावर २६ लेकरे आहेत, १४ मुलगे आणि १२ मुली, वय ३ ते ६. प्रत्यक्ष हजेरी वीसच्या आसपास असते. रोज खिचडीच्या आधीची चाळीस मिनिटे खेळाची धरली. वहीत तीन रकाने आखले : 'बाहुली-भातुकली', 'गाडी-बैल' आणि 'इतर'. वह्या दोन, खर्च १२० रुपये.

१७ ऑगस्ट

पाच दिवसांची नोंद पूर्ण झाली आणि ती फाडून टाकावी लागली. आकडे ताईंच्या बाजूने इतके एकतर्फी आले होते की मलाच संशय आला, म्हणून शेवटच्या दिवशी मी लेकरांकडे न पाहता खेळण्यांच्या पेटीकडे पाहत बसलो. पेटी कपाटावर असते. तिच्यात एक गुलाबी स्वयंपाकाचा संच, दोन बाहुल्या, चार गाड्या आणि काही ठोकळे आहेत. मदतनीस बाई स्टुलावर चढून पेटी काढतात आणि समोर गर्दी झाली की ज्याचा हात पुढे येईल त्याला काहीतरी देऊन मोकळ्या होतात. या घाईत मुलीच्या हातात बाहुली आणि मुलाच्या हातात गाडी जाते. त्यांना विचारले तर त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "मी कुठं वाटते? ज्याला जे पायजे ते त्येच घेतंय." त्यांच्या मनात खोट नव्हती, त्यांना ते दिसतच नव्हते. आठवडाभर आम्ही मोजले ते लेकरांचे हात नव्हते, मदतनीस बाईंचे होते.

हे काम करणाऱ्याने सर्वांत आधी खेळणी देणारा माणूस मधून काढावा. आमचे पाच दिवस यात गेले.

२४ ऑगस्ट

उपाय म्हणून भिंतीलगत उघडी मांडणी करून घेतली. गावातल्या सुताराने जुन्या फळ्या वापरून १,८५० रुपयांत केली. उंची मी सांगितली, ३४ इंच. आणि ती चुकली, कारण वरच्या फळीवरचे तीन वर्षांच्या लेकराला दिसतसुद्धा नव्हते. खेळणी लेकराच्या डोळ्याच्या उंचीवर, त्याच्या हाताने घेता व ठेवता येतील अशी असावीत, ही गोष्ट ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले तेव्हापासून आपल्याकडे माहीत आहे, माझ्या डी.एड.च्या वर्गातही ती शिकवली गेली होती आणि मी ती उत्तरपत्रिकेत लिहून विसरलो होतो. मांडणी कापून २२ इंचांवर आणली. कापण्याचे २०० रुपये वेगळे, आणि दोन दिवस मोडले.

३१ ऑगस्ट

पेटीतली बाजारची खेळणी बाजूला ठेवायची आणि सगळी खेळणी एकाच सामानाची, एकाच रंगाची करायची असे ठरवले. सुताराकडून लाकडी गाड्या, चाके, उखळ, पोळपाट, लाटणे यांचे ९०० रुपयांत लहान नमुने करून घेतले. बाहुल्या गावातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी चिंध्यांच्या केल्या, आत घरचाच कापूस भरला. शिलाई २४० रुपये.

रंगात चूक झाली. मी तेलरंगाचे दोन लहान डबे आणले, एक लाल आणि एक पांढरा, मिळून ३१० रुपये. लाल पुरेना म्हणून त्यात पांढरा मिसळला आणि निम्मी खेळणी गुलाबी झाली. त्यात दोन ट्रॅक्टरही होते. वाळल्यावर मांडणीवर ठेवले, तर पाच वर्षांच्या एका मुलाने गुलाबी ट्रॅक्टर उचलला, पाहिला आणि "ह्यो पोरीचा हाय" असे म्हणून परत ठेवला. त्याच्याहून लहान असलेल्यांपैकी कुणी रंगाकडे फारसे पाहिले नाही. माझी पुतणी छत्रपती संभाजीनगरला मानसशास्त्र शिकते. तिला फोनवर हे सांगितले, तेव्हा तिने २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाविषयी सांगितले. त्यात सात महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांपुढे दोन-दोन वस्तू ठेवल्या होत्या व त्यांतली एक गुलाबी असे. दोन वर्षांच्या आतल्या मुलींना गुलाबीची ओढ दिसली नाही. अडीच वर्षांपर्यंत ती स्पष्ट झाली आणि मुलगे त्याच सुमारास गुलाबी टाळू लागले. आपण मुलगा की मुलगी हे लेकराला कळू लागण्याचे वयही साधारण तेच आहे.

रंग खरवडून काढला, पॉलिश पेपरने घासला. त्यावर जवसाचे तेल चोळले, तेल १६० रुपयांचे. भर श्रावणात हवेत ओल असल्यामुळे ते तेल दहा दिवस चिकटच राहिले आणि प्रत्येक खेळण्यावर धुळीचा थर बसला. हे काम करायचे असेल तर वैशाखात करावे, आणि तेलाचा हात अगदी पातळ द्यावा.

४ सप्टेंबर

परवा पोळा झाला. मांडणीसाठी बैल लेकरांकडूनच करून घ्यावेत म्हणून शेतातली काळी माती आणली होती. काळी माती वाळताना आकसते व तडकते हे ज्या माणसाने आयुष्यभर शेतातल्या भेगा पाहिल्या त्याला आधी सुचायला हवे होते. तिसऱ्या दिवशी २० बैलांपैकी १३ बैलांचे पाय गळून पडले. कुंभाराने गाळाची माती दिली, तिच्यात राख आणि चाळलेली लीद मिसळून दिली, १५० रुपये घेतले. ते बैल टिकले.

नोंद करण्यासारखी गोष्ट मात्र वेगळीच घडली. बैल घडवताना मुलगे आणि मुली सारख्याच रमल्या होत्या. पोळ्याच्या संध्याकाळी मात्र मुलगे बैल घेऊन वेशीतून मिरवत गेले आणि मुली ओवाळायला थांबल्या. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत पाच-सहा वर्षांच्या मुलींनी बैलांना हात लावला नाही. तीन-चार वर्षांच्या मुलींनी लावला. हे एकाच दिवसाचे निरीक्षण आहे, त्याहून जास्त वजन त्यावर टाकू नये.

१९ सप्टेंबर

आज ताईंनीच एक चूक पकडली, आणि ती मराठी शिकवण्यात हयात घालवलेल्या माझ्या लक्षात आली नव्हती याची मला लाज वाटली. खेळ सुरू करताना आम्ही सगळ्यांना एकदा विचारतो. आज मी विचारले, "भातुकली कोण खेळते?" आणि पाठोपाठ, "गाडी कोण चालवतो?" ताई हसून म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीच तर वाटून दिलं की!" आपल्या भाषेत क्रियापदच सांगून टाकते की हे बोलावणे कुणाला आहे. तीन वर्षांच्या लेकराला 'मी खेळतो' आणि 'मी खेळते' यांतला भेद चांगला कळतो. ते चुकले की घरातले लगेच दुरुस्त करतात, म्हणजे दिवसातून शंभर वेळा तोंड उघडताना त्याला आपण कोण हे सांगावे लागते.

सुदैवाने मराठीत नपुंसकलिंग आहे. लेकरू, पोर, बाळ हे सगळे 'ते' आहेत. तेव्हापासून आम्ही "कोण खेळतंय? कोण चालवतंय?" असेच विचारतो. पहिले दोन दिवस जीभ वळेना, मी चार वेळा चुकलो. ताई एकदाही चुकल्या नाहीत, कारण त्यांच्या बोलण्यात ते आधीपासून होते.

२८ सप्टेंबर

नोंदीची पद्धत बदलली. आधी मी जे दिसेल ते वाक्यात लिहीत होतो. बारावीत शिकणारी गावातली एक विद्यार्थिनी सुट्टीत मदतीला येते. तिच्याकडून त्याच वेळी वेगळी नोंद करून घेतली आणि रात्री दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. ठोकळ्यांचा मनोरा पडल्यावर रडणाऱ्या क्रमांक ७ बद्दल मी 'चिडला' लिहिले होते आणि क्रमांक १९ बद्दल 'घाबरली' लिहिले होते. त्या मुलीच्या वहीत दोघांपुढेही एकच शब्द होता : 'रडणे'. क्रमांक ७ मुलगा आहे, क्रमांक १९ मुलगी आहे.

पुतणीला सांगितले तर ती म्हणाली, "काका, यावर १९७६ मध्येच प्रयोग होऊन गेलाय." अमेरिकेत जॉन आणि सॅन्ड्रा कॉन्ड्री यांनी नऊ महिन्यांच्या एका बाळाची चित्रफीत लोकांना दाखवली. झाकण उघडून बाहुले उसळी मारते त्या पेटीला पाहून ते बाळ अस्वस्थ होते. काही जणांना तो मुलगा आहे असे सांगितले होते, काहींना ती मुलगी आहे असे. बाळ एकच, चित्रफीत एकच. ज्यांना मुलगा सांगितला त्यांनी त्याला राग आला असे अधिक वेळा म्हटले, ज्यांना मुलगी सांगितली त्यांनी ती भ्यायली असे म्हटले. मी अट्ठावीस वर्षे वर्गात उभा राहिलो आणि पालकसभेत मुलांची स्वभाववर्णने करीत आलो, त्यांतली किती मुलांची होती आणि किती माझी, हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना.

आता वाक्ये बंद. दर पाच मिनिटांनी ताटलीवर टोला पडतो, त्या क्षणी कुणाच्या हातात काय आहे तेवढीच खूण रकान्यात होते. मनःस्थिती लिहायची नाही. आधीच्या नऊ दिवसांच्या नोंदी बाद केल्या.

१८ ऑक्टोबर

ही नोंद लांब आहे, कारण या सगळ्या कामातली सर्वांत उपयोगी गोष्ट आम्ही ठरवून केलेली नव्हती.

क्रमांक ११ हा साडेतीन वर्षांचा मुलगा. घरच्यांचा नवस होता, म्हणून त्याचे जावळ काढलेले नव्हते. आपल्याकडे अशी लेकरे पुष्कळ असतात. केस डोळ्यांवर येऊ नयेत म्हणून आई दोन वेण्या घालते, कधी लाल रिबीनही बांधते, डोळ्यांत काजळ असतेच. गावातल्या माणसांना तो मुलगा आहे हे ठाऊक होते. बाहेरून येणाऱ्यांना ठाऊक नव्हते. ऑगस्टपासून अंगणवाडीत पाहुणे म्हणून जे आले, लस द्यायला, वजन-उंची घ्यायला किंवा नुसते पाहायला, त्यांनी त्याच्याशी काय केले ते त्या बारावीच्या मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर हौसेने लिहून ठेवले होते. एकूण नऊ माणसे. त्यांपैकी सहा जणांनी त्याला मांडीवर किंवा जवळ घेतले, चौघांनी बाहुली हातात दिली, पाच जण "किती गोड आहे" या अर्थाचे बोलले, आणि दोघांनी "गाणं म्हण बाई" असे म्हटले. गाडी कुणीही दिली नाही. तो स्वतः मांडणीवरून बाहुली आणि बैल दोन्ही घेत असे, जवळजवळ निम्मेनिम्मे.

दसऱ्यानंतर कुलदेवतेच्या ठाण्यावर मामाच्या मांडीवर बसवून त्याचे जावळ काढले. आज तो डोक्यावर टोपी घालून परत आला. आत येताच सहा वर्षांच्या एका मुलीने त्याची टोपी उचलून पाहिली आणि अगदी गंभीरपणे विचारले, "आता तू पोरगा झालास का?" त्यावर बाजूच्या मुलाने सांगितले, "केस आले की पुन्हा पोरगी व्हईल त्यो." क्रमांक ११ ला स्वतःला याची काही खात्री नव्हती, तो ताईंकडे पाहू लागला.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये हेच मांडले होते की आपण मुलगा की मुलगी हे लेकराला तिसऱ्या वर्षाच्या आसपास सांगता येते, पण केस किंवा कपडे बदलले तरी ते बदलत नाही ही समज यायला पाचवे-सहावे, कधी सातवे वर्ष उजाडते. आमच्या सहा वर्षांच्या मुलीला ती अजून आलेली नव्हती. म्हणजे ज्या वयात लेकरांना मुलगा-मुलगी हा भेद वेणीसारखा सुटणारा वाटतो, नेमक्या त्याच वयात ती कुणी काय खेळावे याबद्दल सर्वांत कडक असतात. या विसंगतीकडे माझे आधी लक्ष गेले नव्हते. भेद कधीही बदलेल अशी धास्ती असल्यामुळेच ती त्याला इतके धरून बसत असावीत, असे मला वाटते; हे माझे मत आहे, कोलबर्ग यांचे नव्हे.

२९ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी क्रमांक ११ च्या दहा दिवसांच्या नोंदी मिळाल्या. या काळात बाहेरची तीन माणसे आली. तिघांनीही त्याला उभे राहून, पाठीवर थाप मारून बोलावले. एकाने "काय पैलवान" म्हटले आणि कोपऱ्यातली गाडी त्याच्याकडे ढकलली. कुणी मांडीवर घेतले नाही. लेकरू तेच होते, फरक एका वस्तऱ्याचा होता. इंग्लंडमध्ये कॅरोलिन स्मिथ आणि बार्बरा लॉइड यांनी १९७८ मध्ये सहा महिन्यांच्या बाळांना उलटसुलट कपडे घालून अनोळखी आयांच्या हाती दिले होते, तेव्हा 'मुलगा' समजलेल्या बाळाला हातोडीच्या आकाराचा खुळखुळा आधी दिला गेला व त्याला अधिक हलवले-नाचवले गेले, आणि 'मुलगी' समजलेल्या बाळाला बाहुली दिली गेली. त्यासाठी त्यांना कपड्यांची व्यवस्था करावी लागली. आपल्याकडे नवस ती फुकट करून देतो.

त्याच्या स्वतःच्या निवडीत पहिले पाच दिवस फरक पडला नाही. पुढच्या पाच दिवसांत बाहुलीच्या खुणा कमी झाल्या. हे पाहुण्यांमुळे झाले, सोबतच्या लेकरांच्या बोलण्यामुळे झाले, की वाढत्या वयानुसार तसेही होणारच होते, हे एका लेकरावरून सांगता येणार नाही. मी ताईंना विजयाच्या सुरात वही दाखवली, तेव्हा त्यांनी हेच ऐकवले, आणि त्यांचे बरोबर होते.

२५ नोव्हेंबर

दिवाळी सरली, मतदान झाले आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. पटावर २६ लेकरे आहेत, हजेरी १३ वर आली. ऊसतोडीला जाणाऱ्या तालुक्यात हे काम करणाऱ्याने दिवाळीच्या पुढची गणिते आधी मांडूच नयेत. मी वर्षभराचा तक्ता आखून बसलो होतो. गेलेल्यांत क्रमांक ११ चे आईवडीलही आहेत, तो आजीपाशी राहिला आहे.

राहिलेल्या लेकरांचा खेळ मात्र बदलला. कोपऱ्यात 'कारखाना' सुरू झाला. कडब्याची ताटे हा ऊस, पुठ्ठ्याचा कोयता, चिंध्यांची मोळी. नवरा-बायकोच्या जोडीला टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात 'कोयता' म्हणतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम जोडीवर मिळते, आणि त्या जोडीतली बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. त्यामुळे आमच्या मुलींना कोयता हे पुरुषाचे हत्यार आहे असे कधी वाटलेच नाही. त्या मुलांइतक्याच, किंबहुना अधिक जोरात तोडत होत्या. चार वर्षांची एक मुलगी डोक्यावर मोळी घेऊन मान ताठ ठेवून चालली, ती तिच्या आईची हुबेहूब चाल होती.

मग एका मुलीला मुकादम व्हायचे होते. तिला मुलांनीच नव्हे, मुलींनीही अडवले. "बाई मुकादम नसतीय." तिने वाद घातला नाही, कारण तिनेही बाई मुकादम पाहिलेली नव्हती. ताई मला म्हणाल्या, "बघा, हे मात्र बघूनच आलंय." सबंध कामात त्यांनी माझ्या बाजूचे एवढे एकच वाक्य उच्चारले, म्हणून तारखेसह लिहून ठेवले.

२१ डिसेंबर

एक प्रयोग करू नये तो केला. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २००० साली अकरा महिन्यांच्या बाळांना उतारावर रांगायला लावले होते आणि बाळ किती तीव्र उतार उतरेल याचा अंदाज आधी आयांना विचारला होता. मुलग्यांच्या आयांचा अंदाज जास्त निघाला, मुलींच्या आयांचा कमी. प्रत्यक्ष उतरण्यात फरक नव्हता. मी चार वर्षांच्या लेकरांसाठी फळीचा उतार केला, खाली वाळूची पोती ठेवली. चार आयांना विचारून झाले, पाचव्या लेकराचा पाय घसरला आणि गुडघा सोलला. त्याच्या आजीने मला सगळ्या गल्लीसमोर जे सुनावले ते रास्त होते. फळी सुताराला परत दिली. चार अंदाजांवरून काहीही सांगता येत नाही, म्हणून ते येथे देत नाही.

१८ जानेवारी २०२५

आता माझ्या विरुद्ध जाणारी नोंद. मांडणी उघडी केली, रंग एक केला, बोलावण्याचे व्याकरण बदलले, वाटणारे हात काढले. एवढ्यानंतर तीन-चार वर्षांच्या लेकरांत बाहुली-गाडीचा फरक बराच उतरला. पाच-सहा वर्षांच्यांत तो उरला, पण पहिल्या आठवड्याइतका नव्हता. एक गोष्ट मात्र जराही हलली नाही. झोंबाझोंबी, एकमेकांना पाडणे, अंगावर उड्या मारणे हे बहुतेक मुलगेच करीत राहिले. त्याला खेळणे लागत नाही, ते कुणी वाटत नाही, उलट दिवसातून दहा वेळा त्यावरून रागावणे होते. ताई एवढेच म्हणाल्या, "हे तर तुम्ही नकोच म्हणताव, तरी करायलेत."

पुतणीला मी या बाजूचा पुरावा मुद्दाम मागितला. तिने दोन गोष्टी सांगितल्या. काही मुलींना अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीच्या जन्मजात विकारामुळे आईच्या पोटात असतानाच पुरुषी संप्रेरके जास्त मिळतात. शेरी बेरेनबॉम आणि मेलिसा हाइन्स यांनी १९९२ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या अशा मुलींची तुलना त्यांच्या नात्यातल्या, विकार नसलेल्या मुलींशी केली, तेव्हा या मुली गाड्यांशी व ठोकळ्यांशी अधिक वेळ खेळताना आढळल्या. ही गोष्ट बाजूला सारता येत नाही. दुसरी गोष्ट माकडांची. २००२ मध्ये हिरव्या माकडांत नर गाडी-चेंडूशी अधिक रमले, माद्या बाहुली आणि पातेल्याशी. २००८ मध्ये ऱ्हीसस माकडांत नरांनी चाकांची खेळणी स्पष्टपणे पसंत केली, माद्यांची तशी एकतर्फी निवड दिसली नाही. यातल्या पातेल्यापाशी मी अडखळलो. माकडीण भाकरी थापत नाही, मग पातेले तिला कशासाठी 'बायकी' वाटावे? हा आक्षेप त्या प्रयोगावर इतरांनीही घेतलेला आहे. चाकांचे तसे नाही. हलणारी वस्तू कुणाला किती खेचते हा प्रश्न माकडाला विचारता येतो.

माझ्या आधीच्या म्हणण्यात मी दुरुस्ती केली आहे. ऑगस्टमध्ये मी म्हणत होतो की सगळे शिकवलेले असते. ते आता म्हणत नाही. आणि आम्ही जे मोजले त्यावरून उपजत किती हे काढता येणार नाही, कारण तीन वर्षांचे लेकरू अंगणवाडीत येते ते तीन वर्षे कुणाच्या तरी हातून गेलेले असते. व्यवस्था बदलली की फरक किती हलतो, एवढेच आमच्या वहीतून कळते. जे महिनाभरात हलले ते जन्मतः पक्के बसलेले नव्हते. जे हलले नाही त्याबद्दल वही गप्प आहे.

१५ फेब्रुवारी

मांडणीच्या मागच्या पायाला वाळवी लागली. पाय कापून खाली विटा दिल्या. एकूण खर्च मांडला : वह्या १२०, मांडणी १,८५०, कापणे २००, लाकडी खेळणी ९००, बाहुल्यांची शिलाई २४०, तेलरंग ३१०, जवसाचे तेल १६०, कुंभार १५०, बेरीज ३,९३० रुपये. यातले तेलरंगाचे ३१० आणि कापण्याचे २०० निव्वळ माझ्या अज्ञानाचे. बाद झालेले नोंदीचे दिवस चौदा.

१२ एप्रिल

पाडव्यानंतर हजेरी पुन्हा बावीसवर गेली. फडावरून परतलेल्या लेकरांना मांडणी ओळखीची राहिली नव्हती, दोन दिवस ती दुरूनच पाहत होती. आज पाच वर्षांची क्रमांक २३ पुढे आली. पाच महिने ती कोपीवर, म्हणजे ऊसतोडवाल्यांच्या झोपडीवर, धाकट्या भावाला सांभाळत होती. तिने बाहुली घेतली, ओढणीने पाठीला घट्ट बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, मग पुठ्ठ्याचा कोयता उचलला आणि कडब्याच्या ताटांपाशी बसून तोडायला लागली. ताटलीवर टोला पडला. खूण बाहुलीच्या रकान्यात करायची की 'इतर'च्या, हे मला ठरवता येईना. मी पेन्सिल धरून बसलो होतो, तोवर दुसरा टोला पडला. ताईंनी वही माझ्याकडून घेतली, पट्टी ठेवून नवे पान आखले आणि या वेळी त्यावर रकाने पाडले नाहीत.